डोमेनचा उतारा कुणाच्या नावावर आहे, ते आधी पाहा

निपाणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील निवृत्त शिक्षक आहेत. सीमाभागातल्या जत्रा, जात्यावरच्या ओव्या, जुने वाडे, तंबाखूच्या वखारी यांवर त्यांनी लिहिलेले ६०-७० लेख आणि हजारभर फोटो एका वर्डप्रेस साइटवर आहेत. ही साइट दोन वर्षांपूर्वी बेळगावातल्या शहापूर भागातल्या एका ओळखीच्या मुलाने करून दिली. डोमेन डॉट कॉम आहे. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही त्याच्याच खात्यात आहेत आणि तो आता नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आहे. मुदत संपायला २५ दिवस उरलेत. आधी काय करायचे, होस्टिंग बदलायचे का, आणि डॉट भारत घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

आधी डोमेन. बाकी सगळे त्यानंतर, सावकाश केले तरी चालेल. होस्टिंग बुडाले तर दुसरे घेता येते, लेख बॅकअपमधून परत चढवता येतात. नाव एकदा हातचे गेले की लोकांनी जपून ठेवलेला प्रत्येक दुवा, कुणाच्या पुस्तकात छापलेला पत्ता, गूगलमधली जागा, सगळे त्याच्याबरोबर जाते. जमिनीच्या व्यवहारात आपण पहिल्यांदा विचारतो, उतारा कुणाच्या नावावर? इथेही तोच प्रश्न पहिला.

साइटमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकच समजल्यामुळे बहुतेक घोळ होतात. पहिली, डोमेन म्हणजे नाव. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, डॉट इनची निक्सी म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. आपण नाव घेतो ते रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावे विकणाऱ्या कंपनीकडून, १ ते १० वर्षांच्या मुदतीवर. दुसरी, डीएनएस, म्हणजे या नावाची साइट कुठे आहे आणि टपाल कुठे टाकायचे हे सांगणाऱ्या नोंदी. तिसरी, होस्टिंग, म्हणजे फायली आणि डेटाबेस ठेवायची भाड्याची खोली. तिन्ही एकाच दुकानातून घेता येतात, पण तिन्हींच्या चाव्या निरनिराळ्या असतात. त्या तिन्ही तुमच्या हातात हव्यात.

आजच्या आज करायचे काम: आयकॅन, म्हणजे डोमेन नावांचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या लुकअप पानावर डोमेनचे नाव टाका. पूर्वी याला हूइज म्हणत. डॉट कॉमसारख्या नावांसाठी २८ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे. चार गोष्टी टिपून घ्या: रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, स्टेटस काय, नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, कोणते. मुलाने "अमुक कंपनीकडून घेतलंय" असे सांगितले असेल तरी इथे काय दिसते ते खरे. स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसले तर घाबरू नका, ते साधे कुलूप आहे आणि असलेच पाहिजे. 'क्लायंट होल्ड' दिसले तर साइट बंद केलेली आहे. 'रिडेम्प्शन पीरियड' दिसले तर मुदत संपून बराच काळ गेला आहे, आणि 'पेंडिंग डिलीट' दिसले तर आता कुणाच्याच हातात काही नाही.

मग त्या मुलाला फोन करा आणि फोननंतर लेखी निरोपही पाठवा, म्हणजे त्याला नेमके काय करायचे ते समोर राहते. निरोप साधारण असा असू दे: "बाबांच्या साइटचं डोमेन आजच एका वर्षासाठी रिन्यू कर, पैसे लगेच पाठवतो. त्याच कंपनीत मी माझं खातं उघडलंय, खात्याचा ईमेल खाली देतो. डोमेन त्या खात्यात पुश कर. होस्टिंगच्या सीपॅनलमधून (होस्टिंग सांभाळायच्या पानावरून) पूर्ण बॅकअप काढून ड्राइव्हवर टाक. वर्डप्रेसमध्ये मला अ‍ॅडमिन कर." या चार कामांना मिळून त्याचा अर्धा तास जाईल. मुलगा चांगला आहे, फक्त लांब आहे, एवढेच धरून बोला. अशा बाबतीत भांडण झाले की सगळ्यात आधी नाव अडकते.

'पुश' हा शब्द मुद्दाम वापरा. एकाच रजिस्ट्रारमध्ये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात डोमेन हलवण्याला पुश म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याला पैसे लागत नाहीत आणि काही मिनिटांत होते. ट्रान्सफर म्हणजे एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेणे. त्यासाठी कुलूप काढावे लागते, ऑथ कोड लागतो, त्याला ईपीपी कोडही म्हणतात, आणि ५ दिवसांपर्यंत वेळ जातो. डॉट कॉमच्या ट्रान्सफरमध्ये एका वर्षाचे पैसे भरावे लागतात, पण ते वर्ष मुदतीत जमा होते. २५ दिवस हातात असताना ट्रान्सफरच्या मागे लागू नका. रिन्यू आणि पुश एवढेच करा. रजिस्ट्रार बदलायचा तर पुढच्या वर्षी निवांत बदला.

रिन्यू आधी करायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. मुदत संपण्याआधी रिन्यू करून नंतर ट्रान्सफर केले तर भरलेले वर्ष टिकते. मुदत संपल्यावर सवलतीच्या काळात रिन्यू केले आणि ४५ दिवसांच्या आत दुसरीकडे नेले, तर ते वर्ष गळून जाते आणि पैसे दोनदा भरल्यासारखे होतात.

डोमेन तुमच्या खात्यात आले म्हणजे काम संपले असे नाही. खाते कुणाचे ही एक गोष्ट, आणि नोंदीत 'रजिस्ट्रंट', म्हणजे डोमेनचा धारक, म्हणून नाव कुणाचे ही दुसरी. खात्यात आल्यावर कॉन्टॅक्टची माहिती उघडा. तिथे बहुधा अजून त्या मुलाचे नाव, त्याचा ईमेल आणि शहापूरचा पत्ता असेल. तिथे वडिलांचे किंवा तुमचे नाव, निपाणीचा पत्ता, पिन कोड, राज्य कर्नाटक, आणि चालू असलेला मोबाइल भरा. नाव किंवा ईमेल बदलला की आयकॅनच्या नियमाप्रमाणे ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, तसा इशारा दिसेल. त्याने तुमचे काही बिघडत नाही. नाव तेव्हाच बदला, ६० दिवसांच्या भीतीने पुढे ढकलू नका.

ईमेल बदलल्यावर एक पडताळणीचे पत्र येते, त्यातली लिंक १५ दिवसांत दाबावी लागते. ती राहिली तर चालू साइट अचानक बंद होते आणि लोक होस्टिंगवाल्याला फोन करत बसतात, दोष मात्र तिथे नसतोच. स्पॅममध्येही पाहा. आणि या खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा कधीही ठेवू नका. डोमेन बंद पडले की त्यावरचा ईमेलही बंद, मग पासवर्ड परत मिळवायचे पत्र जाणार कुठे? साधा जीमेल चालेल, पण त्याला दोन टप्प्यांचे लॉगिन लावा, ते एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपने, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून घरात ठेवा.

आता ऑटो-रिन्यूबद्दल, कारण भारतातल्या लोकांची डोमेने जातात ती जास्त करून इथे. ऑटो-रिन्यू चालू आहे म्हणून लोक निश्चिंत असतात, आणि नेमक्या दिवशी कार्डावरून पैसे जात नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दर वेळी आपोआप पैसे कापायचे तर त्याचा ई-मॅन्डेट, म्हणजे आगाऊ दिलेली परवानगी, नोंदलेला असावा लागतो आणि बँकेने ग्राहकाला २४ तास आधी कळवावे लागते. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही, टोकन, म्हणजे त्याच्या जागी वापरायचा सांकेतिक नंबर, लागते. परदेशी रजिस्ट्रारची यंत्रणा या पद्धतीत नसेल तर बँक व्यवहार नाकारते. त्यात नव्या डेबिट कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. म्हणून ऑटो-रिन्यू चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका. मुदतीच्या ६० दिवस आधी आणि ३० दिवस आधी अशा दोन तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, एक तुमच्या आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या. यूपीआय घेणारा भारतीय रजिस्ट्रार असेल तर हा त्रास बराच कमी होतो, आणि तेवढ्यासाठी १००-१५० रुपये जास्त पडले तरी मी तो घ्या असेच सांगेन.

किमतीबद्दल एवढे लक्षात ठेवा: २०२४ च्या सप्टेंबरपासून डॉट कॉमचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यामुळे पहिल्या वर्षाला १९९ रुपयांत डॉट कॉम देणारा दुकानदार तो तोटा दुसऱ्या वर्षापासून वसूल करणार, हे उघड आहे. विकत घेताना पहिल्या वर्षाचा नाही, रिन्यूचा दर पाहा. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकान कर्नाटकातले असेल तर बिलात ९ अधिक ९ असा दिसेल, कोल्हापूर-पुण्याचे असेल तर आयजीएसटी म्हणून एकदम १८. डोमेन एकदम ३ ते ५ वर्षांसाठी घ्या, होस्टिंग मात्र एकेका वर्षाचेच. नाव बदलायचे नसते. होस्टिंग कधीही बदलावे लागू शकते.

मुदत संपलीच तर काय होते, तेही सांगतो. डॉट कॉममध्ये नोंदवही पातळीवर ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असतो, पण त्यातले किती दिवस तुम्हाला नेहमीच्या दरात रिन्यू करू द्यायचे हे रजिस्ट्रार ठरवतो. या काळात साइट बंद होऊन तिथे जाहिरातीचे पान दिसू लागते, आणि बरेच रजिस्ट्रार महिन्याभरात नाव लिलावात काढतात. रजिस्ट्रारने ते काढून टाकले की ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात नाव परत मिळते पण नेहमीच्या दराच्या कितीतरी पट दंड भरून. शेवटी ५ दिवस पेंडिंग डिलीट आणि मग नाव सगळ्यांना खुले. "अजून महिना आहे" असे धरून बसू नका.

आणि मुलाने उत्तरच दिले नाही तर? नाव त्याच्या नावावर नोंदलेले असेल तर रजिस्ट्रार तुम्हाला देणार नाही, कितीही पत्रे लिहिली तरी. डॉट कॉमसाठी यूडीआरपी नावाची तक्रारीची वाट आहे, पण ती ट्रेडमार्कच्या वादांसाठी आहे आणि वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तिची फी १,५०० डॉलरपासून सुरू होते. वैयक्तिक साइटसाठी ती वाट नाही. अशा वेळी वडिलांच्या नावाचे दुसरे डोमेन घ्या आणि आजच, साइट चालू आहे तोवर, सगळे लेख उतरवून घ्या. वर्डप्रेसमध्ये नुसते संपादक म्हणून लॉगिन असले तरी प्रत्येक लेख उघडून मजकूर कॉपी करता येतो. ६०-७० लेखांना दोन संध्याकाळी पुरतात.

नावाबद्दल विचारले आहे म्हणून. आपल्या भागात गावांच्या इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ मोठा आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीत अधिकृत नाव 'बेलगाम' जाऊन 'बेळगावी' झाले. निपाणी कुणी एका 'पी'ने लिहितो, कुणी दोन. चिकोडीत एक 'के' की दोन, हेही ठरलेले नाही. गावाचे नाव घातलेले डोमेन घेतले तर फोनवर सांगताना दर वेळी स्पेलिंग सांगावे लागेल आणि लोक चुकतीलच. वडिलांचे नाव आणि आडनाव, किंवा लेखमालेचे छोटे नाव, हे उत्तम. आडनावाची दोन स्पेलिंगे चालत असतील तर दुसरेही घ्या आणि ते पहिल्याकडे वळवून ठेवा. डॅश टाळा, आकडे टाळा. डॉट कॉम आहे तर तेच राहू द्या. जमल्यास त्याच नावाचे डॉट इनही घ्या. डॉट इन २००५ पासून सर्वांना खुले आहे. डॉट कॉमला पत्ता-फोन झाकायची प्रायव्हसी सेवा हल्ली बहुधा मोफत मिळते, डॉट इनला ती लावता येत नाही. रजिस्ट्रारने ओळखपत्र मागितले तर आधारवरचे नाव आणि रजिस्ट्रंटचे नाव जुळेल असे भरा.

डॉट भारत २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीत सुरू झाले आणि मराठीत नाव दिसणे ही खरीच आनंदाची गोष्ट आहे. पण ते दुसरे नाव म्हणून घ्या. आतून ते नाव रोमन अक्षरांच्या एका लांब सांकेतिक रूपात साठवलेले असते आणि काही अ‍ॅपमध्ये तेच वाकडेतिकडे रूप लोकांना दिसते. काही ठिकाणी त्याची टिचकीची लिंकच होत नाही. त्यावरचा ईमेल पत्ता अजून बऱ्याच फॉर्ममध्ये चालत नाही. घ्या, मूळ डॉट कॉमकडे वळवा, आणि वडिलांच्या व्हिजिटिंग कार्डावर दोन्ही छापा.

आता होस्टिंग. तुमची साइट आधीच वर्डप्रेसवर आहे, वडील अजून लिहितात, म्हणून वर्डप्रेसच ठेवा आणि तुमच्या नावाने छोटे शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक साइट असलेले, घ्या. सर्व्हर मुंबई किंवा बेंगळुरूचा मागा. अमेरिकेतल्या सर्व्हरशी प्रत्येक फेरीला २०० मिलिसेकंदांहून जास्त जातात, आणि एका पानात अशा अनेक फेऱ्या असतात. गावात फोनवर नेट मंद असले की तो फरक डोळ्यांना दिसतो. 'अनलिमिटेड' या शब्दाकडे दुर्लक्ष करा आणि तीन आकडे विचारा: आयनोड किती, म्हणजे एकूण किती फायली ठेवता येतील, रोजचा बॅकअप किती दिवस ठेवतात, आणि रिन्यूचा दर काय.

आयनोडचा हिशेब फोटोंवरून करा. फोनमधला ४,००० पिक्सेल रुंद फोटो तसाच चढवला तर वर्डप्रेस त्याच्या मूळ फाइलसह ८ फायली करते: २,५६०, २,०४८, १,५३६, १,०२४, ७६८, ३०० आणि १५० पिक्सेलच्या. हजार फोटोंच्या ८,००० फायली आणि सहज ५-६ जीबी. तोच फोटो आधी १,६०० पिक्सेल रुंद करून वेबपी या फोटोच्या फाइल-प्रकारात ७५-८० क्वालिटीला ठेवला तर फाइल २००-३०० केबीची होते आणि दिसण्यात फोनवर काही फरक कळत नाही. मूळ मोठे फोटो एका हार्ड डिस्कवर आणि एका क्लाउडवर ठेवा, साइट हे मूळ फोटो साठवायचे कपाट नव्हे. साइट मधेच '५०८ रिसोर्स लिमिट' असे दाखवू लागली तर ती बंद नाही, सर्व्हरच्या वापराची तुमच्या वाट्याची मर्यादा संपली आहे. बहुधा एखादे प्लगइन किंवा कॉमेंटवर हल्ला करणारे बॉट असतात. कॅशिंगचे, म्हणजे तयार पाने साठवून ठेवणारे, एकच प्लगइन ठेवा, दोन कधीच नाही, आणि जुन्या लेखांवरच्या कॉमेंट बंद करा.

हलवण्याची पद्धत. नव्या होस्टिंगवर पीएचपी ८.२ किंवा पुढची निवडा. डेटाबेस तयार करताना कोलेशन, म्हणजे अक्षरे साठवायची पद्धत, यूटीएफ८एमबी४ चे घ्या, हे मराठीसाठी महत्त्वाचे. जुन्या ठिकाणाहून दोन गोष्टी घ्यायच्या: डब्ल्यूपी-कन्टेन्ट हे फोल्डर आणि पीएचपी-मायअ‍ॅडमिनमधून काढलेली डेटाबेसची एसक्यूएल फाइल. नव्या ठिकाणी वर्डप्रेस बसवून त्या चढवा आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि होस्ट हे चार बदला. डीएनएस अजून हलवू नका. तुमच्या विंडोज संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी आणि डोमेन एका ओळीत लिहा, म्हणजे फक्त तुमच्या संगणकाला नवी साइट दिसेल, जगाला जुनीच. सगळे लेख, फोटो, शोध तपासा, आणि झाल्यावर ती ओळ काढून टाका. ती विसरली की पुढे आठवडाभर आपल्याला एक साइट दिसते आणि बाकीच्यांना दुसरी.

या तपासणीत मराठी अक्षरे नीट पाहा. दोन प्रकारचे बिघाड दिसतात आणि त्यांचा अर्थ वेगळा आहे. 'म' च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि चलनाची गोल खूण अशी रांग दिसली, तर मजकूर शाबूत आहे, फक्त तो चुकीच्या लिपी-संचाने वाचला जातोय. कॉन्फिगमधली डीबी कॅरसेटची ओळ यूटीएफ८एमबी४ करा. तरीही तेच दिसले तर निर्यातच चुकीच्या संचात झाली आहे, ती पुन्हा यूटीएफ८एमबी४ मध्ये काढून आयात करा. पण सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर निर्यात करतानाच अक्षरे पुसली गेली आहेत. ती फाइल कितीही दुरुस्त केली तरी मजकूर परत येणार नाही. जुन्या होस्टिंगवरून पुन्हा निर्यात करा. म्हणून जुने होस्टिंग नवे चालू झाल्यानंतर किमान ७ दिवस बंद करू नका.

डीएनएस हलवण्याच्या आदल्या दिवशी जुन्या नोंदींचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हरांनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणा आणि सध्याच्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. मग बदल. मूळ नावासाठी 'ए' नोंद, तिच्यात नव्या होस्टिंगचा आयपी. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी 'सीनेम' नोंद, तिच्यात मूळ नाव. मूळ नावाला सीनेम लावू नका, त्याने त्याच नावाच्या एमएक्स, म्हणजे टपालाचा पत्ता सांगणाऱ्या, नोंदी निकामी होतात आणि टपाल बंद पडते. आकडे इंग्रजी कळफलकाने टाइप करा. मराठी कळफलक चालू राहून देवनागरी आकडे गेले की नोंद स्वीकारली जात नाही आणि कारण पटकन लक्षात येत नाही. नेमसर्व्हरच बदलणार असाल तर सगळीकडे पसरायला ४८ तास धरा. त्याआधी डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या नोंदी खऱ्या आहेत हे तपासणारी सोय, चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर आधी ते रजिस्ट्रारकडे बंद करा, एक-दोन दिवस थांबा, मग नेमसर्व्हर बदला. हा क्रम चुकला की साइट आणि ईमेल दोन्ही अनेकांना एकदम दिसेनासे होतात आणि होस्टिंगवर मात्र सगळे ठीक दिसते.

साइटचा पत्ता सुरक्षित करणारे एसएसएल सर्टिफिकेट विकत घेऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत सर्टिफिकेट ९० दिवसांचे असते आणि चांगले होस्टिंग ते आपोआप नव्याने घेते. डीएनएस नव्या सर्व्हरकडे वळल्यावरच ते मिळते, त्याआधी प्रयत्न केला तर चूक दाखवते. जून २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण करून देणारे ईमेल बंद केले आहेत, तेव्हा तीन महिन्यांतून एकदा ब्राउझरमध्ये तारीख स्वतः पाहा. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी इशारा येत असेल तर बहुधा जुन्या लेखांतले फोटो अजून बिनसुरक्षित पत्त्याने जोडलेले असतात.

घरात पुढे कुणी अपडेट पाहणारे नसेल, तर मात्र गूगलची ब्लॉगर ही सेवा विचारात घ्या. होस्टिंगचा खर्च शून्य, अपडेट नाहीत, हॅक होण्याची भीती खूप कमी, आणि स्वतःचे डोमेन जोडता येते. त्यासाठी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचे सीनेम जीएचएस डॉट गूगल डॉट कॉमकडे, पडताळणीचे दुसरे सीनेम जे ब्लॉगर देतो ते, आणि मूळ नावाला चार ए नोंदी: २१६.२३९.३२.२१, २१६.२३९.३४.२१, २१६.२३९.३६.२१, २१६.२३९.३८.२१. तोटा हा की वर्डप्रेसवरून तिकडे जाताना लेखांचे पत्ते बदलतात, जुने दुवे तुटतात. म्हणून वडील लिहीत आहेत तोवर हलवू नका.

लेखांच्या पत्त्यांबद्दल एक बारकी गोष्ट, मराठी साइटवाल्यांनी जरूर पाहावी अशी. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा पत्ता बनवते आणि तो २०० बाइटला कापते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलंतसुद्धा, तिथे ९ बाइट घेते. 'खानापूरच्या जंगलातली पावसाळी वाट' या शीर्षकात पहिल्या शब्दाची ११ चिन्हे म्हणजे ९९ बाइट, डॅशचा १, दुसऱ्या शब्दाची ८ चिन्हे म्हणजे ७२, पुन्हा डॅश १. झाले १७३. उरलेल्या २७ मध्ये तीनच चिन्हे बसतात, म्हणून पत्ता 'खानापूरच्या-जंगलातली-पाव' असा संपतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर तो टक्केचिन्हांची लांब शेपूट होऊन जातो. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याची जागा उघडून रोमनमध्ये तीन-चार शब्द हाताने लिहा. जुन्या लेखांचे पत्ते मात्र बदलू नका. बदलायचेच असतील तर जुन्यावरून नव्याकडे ३०१, म्हणजे कायमचे, वळण लावूनच.

वडिलांचे जुने लेख छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेले असतील तर ते आधी युनिकोडमध्ये फिरवावे लागतात. फिरवल्यावर दोन गोष्टी प्रत्येक पानावर डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. साध्या अक्षरावर कन्व्हर्टर बरोबर करतो, जोडाक्षर आले की चुकतो. 'स्थिती', 'मूर्ती', 'दुसऱ्या' हे शब्द शोधून पाहिले की चुकीचा प्रकार लगेच कळतो. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी ठेवा, नाहीतर ब्राउझर पान हिंदी समजून भाषांतर सुचवतो. कन्नड वाचकांसाठी काही लेख करणार असाल तर त्या पानांना भाषेची खूण वेगळी लावा.

डोमेनवर ईमेल हवा असेल तर तो शेअर्ड होस्टिंगवर ठेवू नका, झोहोसारख्या वेगळ्या सेवेवर ठेवा. झोहोच्या भारतातल्या खात्याला १०, २० आणि ५० अशा क्रमाच्या तीन एमएक्स नोंदी लागतात. तुमच्या नावाने टपाल कुणी पाठवायचे ते सांगणारी एसपीएफची टीएक्सटी नोंद एकच असावी, दोन झाल्या की दोन्ही रद्द धरल्या जातात. डीकेआयएम, म्हणजे टपालावरची डिजिटल सही, तीही लावा, कारण २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल या दोन्हींपैकी एकही नसलेले टपाल परत पाठवते. साइटवरच्या संपर्क फॉर्मचे ईमेल पोहोचत नाहीत याचेही कारण बहुधा हेच असते.

बॅकअप आठवड्यातून एकदा, डेटाबेस आणि फायली दोन्हींचा, होस्टिंगच्या बाहेर. अपड्राफ्टप्लस हे प्लगइन गूगल ड्राइव्हवर पाठवते, मोफत आवृत्ती पुरते. सहा महिन्यांतून एकदा त्यातली डेटाबेसची फाइल उतरवून, आधी अनझिप करून नोटपॅडमध्ये उघडा आणि वडिलांच्या अगदी अलीकडच्या लेखातले एखादे वाक्य त्यात सापडते का, ते शोधा. प्रश्नचिन्हे दिसली किंवा वाक्य सापडले नाही, तर त्याच दिवशी नवा बॅकअप काढा.